आमच्या मुलांना निफ्टी विचारायला येणाऱ्यांना खुले पत्र

शेअर बाजारातल्या मंडळींना,
(ट्रेडर, सब-ब्रोकर, क्लासवाले आणि सकाळी सव्वानऊला मोबाईल समोर धरून बसणारे सगळेच यात आले.)

सप्रेम नमस्कार.

आधी कामाचं सांगते. उद्या निफ्टी वर जाणार की खाली, हे माझ्या मुलाला माहीत नाही. १ मे १९६० ला रविवार होता, हे त्याला माहीत आहे. २०८८ च्या १ मेला शनिवार असेल, हेही तुमचा प्रश्न संपायच्या आत तो सांगेल. त्या दिवशी बाजार बंद असेल, शनिवार म्हणूनही आणि महाराष्ट्र दिन म्हणूनही. तुमच्या धंद्याला त्याच्या उत्तराचा उपयोग असलाच तर एवढाच.

तो तिशीतला आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आणि तारीख सांगितली की वार सांगतो. एवढ्या भांडवलावर लोक आमच्याकडे येतात. लग्नात गाठतात, सोसायटीच्या सभेनंतर जिन्यात थांबवतात. "त्याचं डोकं आकड्यांचं आहे ना, मग जरा एवढं बघायला सांगा." पूर्वी लॉटरीचा नंबर विचारायचे. करोनाच्या काळात घरोघरी डिमॅट खाती उघडली आणि प्रश्नही सुधारले. आता स्ट्राइक प्राइस, म्हणजे कुठल्या भावावर पैज लावायची ते, विचारतात. ओळखीचे एक गृहस्थ तर लॅपटॉपच घेऊन आले. कँडलचे चार्ट त्याच्यापुढे ठेवले आणि विचारलं, "वर की खाली?" तो म्हणाला, "खाली." दुसऱ्या दिवशी बाजार खरंच घसरला आणि गृहस्थ पेढे घेऊन दारात हजर.

आता यातली गंमत ऐका. स्वमग्न मुलांच्या कुठल्याही आईवडिलांना विचारा, यातली बरीच मुलं प्रश्नातला शेवटचा शब्द परत म्हणतात. "चहा की कॉफी?" – "कॉफी." "कॉफी की चहा?" – "चहा." आमच्याकडे त्यावर उपाय एकच: दोन्ही डबे समोर ठेवायचे आणि त्याचा हात कुठे जातो ते बघायचं. त्या गृहस्थांनी "खाली की वर?" असं विचारलं असतं, तर हा "वर" म्हणाला असता आणि त्यांनी पुट (बाजार पडला तर फायदा) सोडून कॉल (चढला तर फायदा) घेतला असता. पेढे कुणाच्या घरी गेले असते कोण जाणे.

सलग पाच वेळा बरोबर आलं, असंही कुणी मला सांगू नये. नाणं उडवलं तरी बत्तीस माणसांत सरासरी एकाचं सलग पाचदा बरोबर येतं. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या एका डब्यात त्याच्या कितीतरी पट माणसं उभी असतात.

मी बाजाराला नाकं मुरडणाऱ्यांतली नाही. माझी सगळी नोकरी फोर्टमधल्या एका ब्रोकरच्या बॅक ऑफिसात गेली. कागदी सर्टिफिकेटांचा जमाना होता. १९९५ मध्ये बोल्ट ही संगणकाची यंत्रणा आली, सौदे पडद्यावर व्हायला लागले, तोवर बाजाराच्या रिंगणात जॉबर ओरडून भाव द्यायचे. डझनभर शेअर्सचे भाव एकेकाच्या तोंडावर असत. त्यांचं पाठांतर बघून आम्ही थक्क व्हायचो. त्यातले किती जण शेवटी पैसे राखून घरी गेले, हे तुमच्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. तेव्हा बाजार काय असतो हे मला थोडं कळतं, आणि माझा मुलगा काय आहे हे बरंच कळतं. या दोन्हींची गाठ तुम्ही जिथे मारता, तिथे ती बसत का नाही, ते सांगण्यासाठी हे पत्र.

ज्यांचं बाकीचं जगणं अवघड असतं, पण एखाद्या अरुंद क्षेत्रात ज्यांची बुद्धी थक्क करते, अशा माणसांना डॉक्टर सॅव्हंट म्हणतात. जॉन लँगडन डाउन या लंडनच्या डॉक्टरांनी १८८७ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं. डाउन सिंड्रोमला ज्यांचं नाव आहे, तेच हे. त्याच्या कितीतरी आधीपासून अशी माणसं लोकांना माहीत होती. इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा जेडेडाया बक्स्टन हा शेतमजूर. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण प्रचंड गुणाकार तोंडी करायचा. १७५४ मध्ये त्याला लंडनला नेलं, रॉयल सोसायटीच्या विद्वानांपुढे उभं केलं आणि मग नाटक दाखवलं. त्या काळचा सर्वांत मोठा नट रंगमंचावर होता. नाटक कसं वाटलं म्हणून विचारलं, तर बक्स्टनने नट किती शब्द बोलला आणि नाचणाऱ्यांनी किती पावलं टाकली, ते सांगितलं. कथानकाविषयी अवाक्षर नाही.

अमेरिकेत व्हर्जिनियात थॉमस फुलर नावाचा आफ्रिकेतून आणलेला गुलाम होता. त्याला विचारलं, सत्तर वर्षं, सतरा दिवस, बारा तास जगलेल्या माणसाचे सेकंद किती? त्याने थोड्याच वेळात २२१ कोटी ५ लाख ८०० असं उत्तर दिलं. विचारणारा म्हणाला, चूक आहे. फुलर म्हणाला, मालक, तुम्ही लीप वर्षं विसरलात. लीप वर्षं धरून हिशेब केला तेव्हा फुलरचंच बरोबर निघालं. ही गोष्ट वाचली की मला माझ्या मुलाचा चेहरा दिसतो. कुणी चुकीचा वार सांगितला की त्याला शारीरिक त्रास होतो.

आपल्या काळात ब्रिटनचा स्टीफन विल्टशायर हेलिकॉप्टरमधून एकदा शहर पाहून येतो आणि खिडक्यांच्या रांगांसकट ते कागदावर उतरवतो. २००५ मध्ये त्याने टोकियोचं दहा मीटर लांब चित्र असंच काढलं. सॉल्ट लेक सिटीच्या किम पीकला हजारो पुस्तकं पाठ होती, आणि शर्टाची बटणं लावायला वडिलांची मदत लागायची.

आता जरा थांबून बघा, या सगळ्यांत समान काय आहे? उत्तर आधीच कुठेतरी असतं. गुणाकाराचं उत्तर ठरलेलं आहे. टोकियोतली इमारत उभी आहे. पुस्तक छापलेलं आहे. कॅलेंडर तर त्याहून सोपं. ग्रेगोरियन कॅलेंडर दर चारशे वर्षांनी जसंच्या तसं परत येतं, कारण चारशे वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात आणि त्याचे बरोबर २०,८७१ आठवडे होतात, बाकी शून्य. वर्षाचे साचे एकूण चौदाच: सात वारांना सुरू होणारी सात साधी वर्षं आणि सात लीप वर्षं. माझ्या मुलाने लहानपणी भिंतीवरची कॅलेंडरं तासन् तास बघून हे चौदा साचे स्वतःच शोधले असावेत. शिकवलं कुणीच नव्हतं. ही साधी गोष्ट नाही, मला तिचा अभिमान आहे. पण त्याला जे सापडलं ते तिथे होतंच, आणि तो बघतोय म्हणून कॅलेंडर कधी बदललं नाही.

बाजार बदलतो. लोकांनी त्याच्याकडे बघितल्यानेच बदलतो. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये एका वर्तमानपत्री स्पर्धेचं उदाहरण दिलं होतं. शंभर चेहऱ्यांच्या फोटोंतून सर्वांत सुंदर सहा निवडायचे, आणि ज्याची निवड सगळ्यांच्या सरासरी निवडीच्या जवळ जाईल त्याला बक्षीस. मग तुम्ही तुम्हाला आवडलेला चेहरा निवडत नाही. इतरांना कुठला आवडेल, आणि इतरांच्या मते इतरांना कुठला आवडेल, याचा अंदाज बांधत बसता. उद्याचा भाव असा बनतो: एकमेकांच्या मनातलं ओळखू पाहणाऱ्या लाखो माणसांच्या गर्दीतून.

समोरच्याच्या मनात काय चाललंय, हे ओळखणं आमच्या मुलांना सर्वांत जड जातं. केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन यांनी स्वमग्न लोकांच्या नियम शोधण्याच्या ओढीवर बरंच लिहिलं आहे. ते सांगतात की ही ओढ जिथे नियम पक्के असतात तिथे फळते, माणसांच्या वागण्यासारख्या बेभरवशाच्या गोष्टींत अडते. माझ्या मुलाला शेजारच्या काकू रागावल्यात की थट्टा करतायत हे कळत नाही, आणि तुम्ही त्याला परदेशी गुंतवणूकदारांच्या मनातलं विचारता!

चार जून २०२४ आठवतो? निवडणुकीच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या भरवशावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला होता आणि निकालाच्या दिवशी सुमारे ४,४०० अंकांनी आपटला. त्या मंगळवारी खेड्यापाड्यांतल्या मतदान यंत्रांमधून काय निघणार, हे कुठल्या साच्यात बसवायचं? "तो मंगळवार होता" एवढंच माझा मुलगा बरोबर सांगेल. आणि मंगळवारांचंच बोलायचं तर निफ्टीची एक्स्पायरी (ऑप्शनच्या सौद्यांची मुदत संपण्याचा दिवस) वर्षानुवर्षं गुरुवारी असायची. १ सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी आली, आणि सेन्सेक्सची गुरुवारी गेली. एका परिपत्रकाने वारांची अदलाबदल झाली. कॅलेंडर असं कधी करेल का?

त्यात पुन्हा समोर नुसती गर्दी नसते, डाव टाकणारेही असतात. ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात सेबीने (बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीवर आरोप ठेवला की तिने सकाळी बँक निफ्टीतले (बँकांच्या निर्देशांकातले) शेअर जोरात विकत घेऊन निर्देशांक वर नेला, त्याच वेळी ऑप्शनमध्ये उलट बाजूची मोठी पोझिशन घेतली आणि नंतर शेअर विकून टाकले. ४,८४३ कोटी रुपये अडकवून ठेवायचा आदेश निघाला. कंपनीने आरोप नाकारले आहेत. निकाल काय लागायचा तो लागो. पण चार्टवर जी आकृती दिसते ती कुणीतरी मुद्दाम काढलेली असू शकते, एवढं यातून कळायला हरकत नाही. आमची मुलं फसवणूक ओळखण्यात फार कच्ची असतात. तुमच्या बाजारात त्यांच्याइतकं सोपं सावज मिळणार नाही.

काही जण पुढचा मुद्दा काढतात. अंदाज राहू दे, पण त्याची स्मरणशक्ती? सगळे जुने भाव पाठ केले तर? अहो, जुने भाव लक्षात ठेवणारा माणूस १९८५ मध्ये दुर्मीळ होता. आज एक्स्चेंजच्या शेजारी ठेवलेली मशिनं प्रत्येक सौदा साठवतात आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत कितीतरी ऑर्डरी टाकतात. सेबीच्याच अभ्यासाप्रमाणे २०२३-२४ मध्ये एफअँडओत (फ्युचर्स आणि ऑप्शनच्या बाजारात) परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि प्रोप्रायटरी ट्रेडरांच्या (स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या कंपन्यांच्या) नफ्यापैकी ९६ टक्के नफा अल्गो (आपोआप सौदे करणारे प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांकडे गेला. त्याच अभ्यासात तुमचाही आकडा आहे: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांनी पैसे घालवले, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी तोटा झालेले ९१ टक्के. असे आकडे समोर असताना चमत्काराची वाट बघणं मला समजतं. फक्त तो चमत्कार आमच्या हॉलमध्ये बसलेला नाही.

शकुंतलादेवींचं नावही निघतंच. १९८० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत केला, तो विक्रमच आहे. त्या स्वमग्न नव्हत्या, उत्तम बोलायच्या, जगभर फिरायच्या. त्या ज्योतिषही सांगायच्या, आणि लोक रांग लावून यायचे. म्हणजे गुणाकार येतो त्याला भविष्यही येत असणार, ही समजूत फार जुनी आहे. तुम्ही तिला लॅपटॉप जोडलात, इतकंच.

व्हॉट्सअ‍ॅपवर मला सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव मायकल बरी यांचं. "बघा, तेही तुमच्या मुलासारखेच!" हे गृहस्थ डॉक्टर. मुलाला अ‍ॅस्परगर (स्वमग्नतेचाच एक प्रकार) असल्याचं कळलं तेव्हा आपणही तसेच आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. २००५ मध्येच त्यांनी अमेरिकी गृहकर्जांच्या रोख्यांविरुद्ध पैसा लावला, आणि पुढच्या पडझडीत त्यांच्या फंडाने अफाट कमाई केली. गोष्ट खरी आहे. पण ती नीट वाचा. त्यांना स्वप्नात आकडा दिसला नव्हता. त्या रोख्यांची शेकडो पानांची माहितीपत्रकं, जी ते विकणारेही वाचत नव्हते, ती त्यांनी बसून वाचली. कोणत्या कर्जदाराला कसलं कर्ज दिलंय ते त्यांत छापलेलंच होतं. पुन्हा तेच: उत्तर कागदावर होतं, बघणारा हवा होता. कधी पडेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं ते त्या पैजेचे हप्ते भरत राहिले, त्यांचेच गुंतवणूकदार पैसे परत मागत भांडत होते. आणि याच बरींनी ३१ जानेवारी २०२३ ला "विका" असा एका शब्दाचा संदेश टाकला. बाजार चढत राहिला आणि मार्चअखेरीस "विका म्हणण्यात माझी चूक झाली" असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. फॉरवर्ड करताना हा भाग कुणी पाठवत नाही.

फंड चालवणारे अमेरिकी गणिती जिम सायमन्स यांचंही थोडंसं. त्यांचा मेडॅलियन फंड तीस वर्षं, फी वजा करण्याआधी, सरासरी ६६ टक्क्यांच्या घरात कमावत होता, हे तुम्हाला पाठ असेल. तिथे गणिती होते, भौतिकशास्त्राचे लोक होते, भाषाशास्त्राच्या मॉडेलवर काम केलेले होते, आणि माहितीचे डोंगर होते. त्यांच्यातल्याच एका वरिष्ठाने सांगितल्याप्रमाणे त्यांचा अंदाज निम्म्याहून अगदी किंचित जास्त वेळा बरोबर यायचा. त्या किंचितावर असंख्य सौदे करून त्यांनी पैसा उभा केला. जगातल्या सर्वांत हुशार मंडळींची ही गत. एकाच मुलाच्या एका "खाली"वर महिन्याचा पगार लावणाऱ्याला काय म्हणायचं?

आता तुमच्या बाजूने एक गोष्ट कबूल करते, कारण ती खरी आहे. लंडनमध्ये बेनेडेटो डी मार्टिनो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. समजा तुम्हाला पन्नास पौंड दिले. एकदा विचारायचं, "यातले वीस ठेवता की जुगार खेळता?" दुसऱ्यांदा विचारायचं, "यातले तीस गमावता की जुगार खेळता?" गोष्ट एकच. पण "गमावता" ऐकलं की बहुतेक लोक जुगाराकडे वळतात. स्वमग्न लोक त्या शब्दांना कमी फसले, त्यांचे निर्णय जास्त सुसंगत राहिले. तोट्यातला शेअर वर्षानुवर्षं उराशी धरून ठेवणाऱ्या आणि फायद्यातला दोन दिवसांत विकणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून शिकण्यासारखं आहे. मात्र हा प्रयोग शांत खोलीत, ठरलेल्या नियमांनी, एकट्या माणसावर झाला होता. सुसंगत वागणं आणि उद्याचं दिसणं यांत फार अंतर आहे.

तेव्हा आमच्या मुलांकडे बाजाराच्या उपयोगाचं काही नाहीच का? आहे, भरपूर आहे, आणि इथे मी जुन्या नोकरीच्या अधिकाराने बोलते. कागदी शेअर्सच्या दिवसांत आमच्याकडे रोज गठ्ठे यायचे. सही जुळत नाही, ट्रान्सफर डीडची मुदत संपली, सर्टिफिकेटवरचे क्रमांक यादीशी जुळत नाहीत: अशी कागदपत्रं "बॅड डिलिव्हरी" म्हणून परत जायची. दुपारी तीननंतर आमचे डोळे थकायचे आणि चुका निसटायच्या. बनावट सर्टिफिकेटंही यायची, आणि एखादा आकडा जरा वेगळ्या वळणाचा आहे हे बघणारी नजर सोन्याच्या मोलाची होती. डिमॅट आल्यावर ते काम संपलं, पण जुळवणी कुठे संपली? बँकेच्या नोंदी, क्लायंटचे लेजर, मार्जिनचे अहवाल, केवायसीची कागदपत्रं, यांत न जुळणारं रोज काहीतरी निघतं. आपल्यापैकी बहुतेकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. माझा मुलगा एका तक्त्यातली चुकलेली तारीख काटा टोचावा तशी पकडतो, आणि चौथ्या तासाला पहिल्या तासाइतकाच सावध असतो.

बाहेर हे लोकांनी ओळखलंय. एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ पासून स्वमग्न लोकांना नोकऱ्या देण्याचा कार्यक्रम चालवला, आणि त्यात भारतही होता. जेपी मॉर्गन या बँकेने २०१५ मध्ये मोजक्या लोकांपासून सुरुवात केली आणि पुढे कितीतरी देशांत ती वाढवली. दलाल स्ट्रीटवर किंवा बीकेसीत असं काही करायला कुणाची आडकाठी आहे? आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण चार टक्के आहे, आणि त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून. त्या वाट्यात आमच्या मुलांची पाळी कधी येते, हे आम्हा पालकांना विचारा. खासगी कंपन्यांना तर तेवढंही बंधन नाही.

आता जरा कडक बोलते. माझ्यापुढे असाही प्रस्ताव आला की मुलाच्या नावाने डिमॅट खातं काढा, सही तुम्ही करा, पैसे आमचे, नफा अर्धा-अर्धा. माणूस ओळखीचा आहे, म्हणून नाव लिहीत नाही. भारतीय करार कायद्यात करार करणाऱ्याला त्यातलं बरंवाईट समजून निर्णय घेता यावा लागतो. ज्यांना ते जमत नाही अशा स्वमग्न प्रौढांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातली स्थानिक समिती पालक नेमते. तो पालक म्हणजे मालक नव्हे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याला पाल्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. "नफा अर्धा-अर्धा" हे त्या हिशेबात कुठल्या रकान्यात लिहायचं? आणि तोटा झाला, मार्जिन कॉल आला, म्हणजे ब्रोकरने आणखी पैसे भरायला सांगितले, तर पैसे त्याच्या नावावरच्या मुदत ठेवीतून जाणार. आमच्यासारख्या पालकांना रात्री झोप येत नाही ती एकाच काळजीने: आमच्यामागे याचं कसं होणार? ती ठेव त्या काळजीची आहे. तिच्याकडे बघू नका.

हेही काही नवीन नाही. अमेरिकेत जॉर्जियात १८४९ मध्ये टॉम नावाचा आंधळा गुलाम मुलगा जन्मला. एकदा ऐकलेली धून तो पियानोवर जशीच्या तशी वाजवायचा. अकराव्या वर्षाच्या आसपास त्याने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपुढे वाजवलं. पोस्टरांवर नाव "ब्लाइंड टॉम". गुलामी कायद्याने संपली, तरी टॉम त्याच मालकाच्या कुटुंबाच्या ताब्यात राहिला, कारण कोर्टाने त्याचं पालकत्व त्यांना दिलं. तो गावोगाव वाजवत राहिला आणि कमाईचा मोठा वाटा त्याचं पालकत्व असणारे घेत राहिले. पुढे तर मालकाच्या घरातच त्याच्या ताब्यावरून खटला चालला. एवढ्या कमावत्या माणसाच्या हातात स्वतःच्या पैशाची किल्ली आयुष्यभर आली नाही. "त्याला पैशातलं काय कळतं" हे वाक्य तेव्हाही म्हटलं जायचं. माझ्याकडे आलेल्या त्या ओळखीच्या माणसाच्या तोंडीही तेच होतं.

अजून एका गोष्टीवर कुणी बोलत नाही म्हणून सांगते. असं एखादं चमकदार कौशल्य स्वमग्न लोकांत साधारण दहांत एकाकडे असतं, असं जुन्या पाहण्या सांगतात. नंतरच्या काही पाहण्यांत हे प्रमाण जास्त दिसलं, तरी बहुतेकांकडे ते नसतंच. पेपरात आणि पडद्यावर मात्र फक्त तेच दिसतात. मग आमच्या पालकगटातल्या एखाद्या आईला नातेवाईक विचारतात, "तुमच्या मुलीत काय विशेष आहे? काही आकडे वगैरे?" तिची मुलगी बाविसाव्या वर्षी एकटीने रस्ता ओलांडायला शिकली, ते ती अभिमानाने सांगायला जाते, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. माझ्या मुलाचं कौतुक करताना तुम्ही त्या मुलीला नापास करता, हे तुमच्या लक्षातही येत नाही. माझाही मुलगा कॅलेंडर येतं म्हणून मोलाचा ठरत नाही. ते येत नसतं तरी तो माझाच होता, आणि त्याला इथे जगायचा तेवढाच हक्क होता.

तेव्हा मागणी दोनच गोष्टींची. क्लासच्या जाहिरातीत "सुपर ब्रेन", "सॅव्हंट टेक्निक" असले शब्द लिहून आमच्या मुलांच्या जिवावर फी गोळा करणं बंद करा. सेबीकडे नोंदणी नसताना शेअर सल्ला विकणं तसंही बेकायदा आहे, आणि तिथली तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येते. आम्ही पालक ती करायला शिकलो आहोत.

दुसरी मागणी ज्यांच्या ऑफिसात न जुळणाऱ्या नोंदींचा ढीग पडलाय त्यांच्यासाठी. ठाणे, कल्याण, पुणे, नाशिक, कुठल्याही शहरातल्या विशेष शाळेला किंवा पालकगटाला फोन करा. मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" विचारू नका, काम समोर ठेवा आणि एक दिवस बघा. सूचना तोंडी नको, लिहून द्या. जागा शांत द्या, ट्यूबलाइट फडफडत असेल तर ती बदला, आणि जेवणाची वेळ आयत्या वेळी हलवू नका. पगार इतरांना त्याच कामाला देता तेवढाच द्या, नोकरीच्या पत्रावर आकडा आधी लिहा, आणि तो त्याच्याच खात्यात जमा करा. महिन्याच्या ज्या तारखेला देणार म्हणाल त्या तारखेला द्या. एक दिवस उशीर झाला तर सकाळी दहाला तो तुमच्या टेबलाशी उभा राहून तारीख आणि वार दोन्ही सांगेल.

आपली,
एका स्वमग्न मुलाची आई,
डोंबिवली